बीपीटीएच नंतर अमेरिकेत बायोमेकॅनिक्स लॅब: प्रोफेसरच्या कॉलवर काय विचारायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) झालंय, पुण्यात एका ऑर्थो क्लिनिकमध्ये काम चालू आहे, अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या किनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) डिपार्टमेंटमधल्या प्रोफेसर बाईंना पीएचडीसाठी मेल टाकली, त्यांचं चक्क उत्तर आलं, पुढच्या आठवड्यात त्यांच्याशी झूम कॉल आहे आणि त्यानंतर त्यांच्या लॅबमधल्या विद्यार्थ्यांशी वेगळा अर्धा तास. विषय डोक्यात आहे तो मांडी घालून आणि उकिडवं बसण्याचा आणि बायकांच्या गुडघ्यांचा. मॅटलॅब हे कोडिंगचं सॉफ्टवेअर कधी उघडलेलं नाही, मैत्रीण म्हणते कोडिंगशिवाय गेलीस तर तोंडघशी पडशील. तर कोडिंगचं विचारलं तर काय सांगू, युनिव्हर्सिटीचं रँकिंग बरं आहे का, आणि तिथे लॅबमध्ये दिवसभर करतात तरी काय.

मी पण मूळची फिजिओच, आता बरीच वर्षं मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या मूव्हमेंट लॅबमध्ये डेटा कलेक्शन सांभाळते, नवीन आलेल्या पोरांना हाताशी धरून शिकवणं बहुतेक माझ्याच वाट्याला येतं. तुम्ही जे सगळ्यात शेवटी जाता जाता विचारलंय ना, दिवसभर करतात काय, तोच खरा प्रश्न आहे आणि बाकी दोन्हीची उत्तरं त्याच्या पोटात आहेत. तुम्ही कॉलला तोंडी परीक्षा समजून तयारी करताय, म्हणजे आपल्यात काय कमी आहे आणि ते कसं झाकायचं. तशी गरज नाहीये. तुमचा बायोडेटा बघूनच त्यांनी वेळ दिलाय, त्यात मॅटलॅब नाही हे त्यांना दिसलंय.

आधी हे सांगते, की मी जे लिहितेय ते बायोमेकॅनिक्सच्या, म्हणजे हालचालीतले कोन आणि जोर मोजण्याच्या बाजूने. त्याच डिपार्टमेंटमध्ये शेजारच्या दाराआड एक्सरसाइज फिजिऑलॉजीची लॅब असते आणि तिथला दिवस अगदी वेगळा असतो, पार्टिसिपंट उपाशीपोटी आणि कॉफी न घेता यायला हवे असतात म्हणून पहाटेच्या अपॉइंटमेंट, आधी तीन लिटरच्या सिरिंजने फ्लो कॅलिब्रेट करा, मग १६ टक्के ऑक्सिजन आणि ४ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या सिलेंडरने गॅस ॲनालायझर, मग मास्क लावून ट्रेडमिलवर माणूस दमेपर्यंत पळवा आणि शेवटच्या मिनिटाला घसा फोडून 'चालू ठेव, चालू ठेव' ओरडा. तिथे कोडिंग कमी, रक्ताचे थेंब आणि मास्क धुणं जास्त. शिवाय प्रोफेसर नवीन आहेत की जुन्या, पैसा कुठून येतो, लॅबमध्ये माझ्यासारखा पगारी माणूस आहे की सगळं विद्यार्थ्यांवरच आहे, यावर पण बरंच अवलंबून आहे. म्हणून 'असं असतंच' असं काही समजू नका, विचारून घ्या.

तर आमच्याकडे एक कलेक्शन कसं होतं ते सांगते. समजा गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या लोकांच्या चालण्याचा अभ्यास आहे. माणूस ठरल्या वेळेला येतो (कधीकधी येतच नाही, त्याची पण सवय ठेवा), त्याला कन्सेंट फॉर्म नीट वाचून समजावायचा, कधीही मधेच सोडून जाऊ शकता हे सांगायचं, मग घट्ट शॉर्ट्स घालायला द्यायच्या आणि मार्कर चिकटवायचे. मार्कर म्हणजे चकचकीत टेप लावलेले छोटे गोळे, भिंतीवरचे आठ-दहा-बारा इन्फ्रारेड कॅमेरे त्यांनाच बघतात, सेकंदाला साधारण शंभर ते दोनशे फ्रेम. जमिनीत पावलाचा जोर मोजणाऱ्या फोर्स प्लेट बसवलेल्या असतात, त्या सेकंदाला हजार वेळा मोजतात. आता माणसाने चालताना एक पाऊल पूर्ण त्या प्लेटवर पडायला हवं, पण 'प्लेटवर पाय टाका' असं सांगायची सोय नाही, कारण सांगितलं की माणूस खाली बघून पावलं मोजत चालतो आणि चाल बिघडते. मग त्याची सुरुवातीची जागा वीतभर पुढे, वीतभर मागे करत राहायचं, आणि दहा चांगल्या ट्रायलसाठी त्या बिचाऱ्याला कितीतरी जास्त फेऱ्या माराव्या लागतात. गुडघा दुखणारा माणूस असेल तर मधे खुर्ची, पाणी, गप्पा. दोन तासांचं कलेक्शन झालं की खरं काम पुढे, कुठला ठिपका कुठला मार्कर ते नावं देणं, हाताआड गेलेल्या मार्करच्या जागा भरणं, फिल्टर, मॉडेल, मग सांध्यांचे कोन आणि मोमेंट (सांध्याला फिरवणारा जोर). एका माणसाचा डेटा स्वच्छ करण्यात नवीन विद्यार्थ्याचे दिवसच्या दिवस जातात.

आणि इथे तुमचा हात कामाला येतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूचं ग्रेटर ट्रोकँटर, ओटीपोटाच्या बाजूचं एएसआयएस (कमरेच्या हाडाचं पुढचं टोक), गुडघ्याच्या दोन्ही बाजूंचे एपिकोंडाइल (हाडाचे उंचवटे), घोट्याची हाडं, हे सगळं चामडीवरून बोटांनी शोधायचं असतं. इंजिनियरिंगहून आलेला मुलगा कोड फर्स्ट क्लास लिहितो पण जरा स्थूल माणूस समोर आला की एएसआयएस कुठे आहे हे त्याला सापडत नाही, तो पोटावरच कुठेतरी गोळा लावतो. एपिकोंडाइलचा मार्कर सेंटीमीटरभर पुढेमागे झाला की मॉडेलमधला गुडघ्याचा अक्ष तिरका बसतो, आणि मग होतं काय, की दाराची बिजागरी तिरकी बसवली तर दार उघडताना आपोआप वरखाली होतं ना, तसं गुडघा नुसता वाकला तरी आलेखात तो आत-बाहेर वळल्यासारखा दिसायला लागतो. पाय हवेत असताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो, नेमका तिथेच व्हॅरस-व्हॅल्गसच्या, म्हणजे गुडघा बाहेर-आत झुकण्याच्या आलेखात एक खोटा उंचवटा येतो. तो बघून 'या पेशंटचा गुडघा वळतो' असं लिहून मोकळं होणारे लोक असतात. फिजिओला तो आकडा बघूनच कळतं की हे शरीरात शक्य नाही, मार्कर बघा. कॉलवर हे सांगा. क्लिनिकमध्ये रोज किती गुडघे हाताखालून जातात, जाडजूड पेशंटमध्ये हाडांच्या या खुणा, लँडमार्क, कसे शोधता, दुखणाऱ्या माणसाला दोन तास कसं सांभाळता. 'आय ॲम पॅशनेट अबाउट रिसर्च' हे त्या रोज ऐकतात.

याला एक पण आहे. आता मार्करलेस सिस्टिम आल्यात, साध्या व्हिडिओवरून सॉफ्टवेअरच सांधे ओळखतं, गोळे चिकटवायचे नाहीत. बऱ्याच लॅब तिकडे वळतायत. तुमच्या प्रोफेसर बाईंची लॅब पूर्ण मार्करलेस असेल तर पॅल्पेशनची (बोटांनी चाचपून शोधण्याची) किंमत तिथे तेवढी राहत नाही, मग ईएमजीचे (स्नायूंचे विद्युत संकेत टिपणारे) इलेक्ट्रोड, अल्ट्रासाउंड, ताकद मोजायचा डायनॅमोमीटर यात तुमचा हात लागेल. म्हणून 'तुम्ही मार्कर वापरता की मार्करलेस' हे सरळ विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता कोडिंग. लागतं. मैत्रीण तेवढ्यापुरती बरोबर आहे. पण लागतं म्हणजे काय ते बघा: शंभर फाइली एकामागून एक उघडायच्या, चालण्याच्या डेटातली नको ती थरथर काढायला साधारण ६ हर्ट्झचा बटरवर्थ फिल्टर लावायचा, उभ्या दिशेचा फोर्स २० न्यूटनच्या वर गेला की टाच टेकली असं धरून एकेक पाऊल वेगळं कापायचं, प्रत्येक पाऊल ० ते १०० टक्क्यांवर ताणून सरासरी काढायची, आलेख काढायचा. हे शिकवून येतं, आमच्याकडे फिजिओ मुली पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये इथपर्यंत येतात, पुढचं ज्याच्या त्याच्या आवडीवर. शिकवतो कोण तर तोच इंजिनियर, ज्याला तुम्ही एएसआयएस शोधायला शिकवता. त्यामुळे विचारलं तर 'येत नाही, पायथन सुरू केलंय' एवढंच सांगा, आणि ते खरं असू द्या, म्हणजे आजच सुरू करा. आठवडाभरात कोडर होणार नाही तुम्ही, पण ओपनसिम नावाचं शरीराच्या हालचालींची मॉडेलं बनवायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, स्टॅनफर्डमध्ये तयार झालेलं, ते उतरवून घ्या आणि त्यातलं गेट २३९२ हे मॉडेल उघडून बघा. २३ डिग्री ऑफ फ्रीडम (हालचालीच्या स्वतंत्र दिशा) आणि ९२ मसल ॲक्च्युएटर (मॉडेलमधले स्नायू) म्हणून ते नाव. एखादा स्नायू निवडा, गुडघा वाकवा, मोमेंट आर्म (स्नायूचं सांध्यापासूनचं अंतर) कसा बदलतो ते बघा. दोन संध्याकाळी पुरतील, आणि कॉलवर बोलायला तुमच्याकडे हातात केलेलं काहीतरी असेल.

आता मुख्य. प्रोफेसरना एकच प्रश्न विचारायची मुभा असती तर मी हा विचारला असता: तुमच्या लॅबच्या गेल्या एकदोन वर्षांतला एखादा पेपर घ्या, त्याचा डेटा कोणी गोळा केला, साफ कोणी केला, कोड कोणाचा, लिहिलं कोणी, आणि पहिलं नाव कोणाचं लागलं? पेपर तुम्हीच आधी शोधून ठेवा, नाव घेऊन विचारा, म्हणजे वाचून आलाय हे पण कळतं. या एका उत्तरातून लॅबची बहुतेक सगळी कुंडली निघते. 'कलेक्शन आमची लॅब मॅनेजर करते, विद्यार्थ्यांना डेटा तयार मिळतो' असं उत्तर आलं तर पेपर लवकर होतील पण पाच वर्षांनी स्वतःची लॅब थाटायची वेळ आली तर कॅमेरे कसे लावायचे हे माहीत नसेल. 'पहिल्या वर्षाचे गोळा करतात, सीनियर लिहितात' असं आलं तर विचारा की पहिल्या वर्षाच्याचं नाव कितवं लागतं आणि त्याची पाळी कधी येते. आणि उत्तर देताना त्या अडखळल्या, कोण काय करतं हे त्यांना नीट सांगता आलं नाही, तर त्या लॅबमध्ये फारशा जात नाहीत एवढं समजा. मोठ्या वयाच्या नावाजलेल्या प्रोफेसरच्या बाबतीत हे फार चालतं आणि त्यात वाईटच काही असतं असं नाही, त्यांच्या ओळखीचा फायदा पुढे नोकरीला होतो, पण मग रोजचा गुरू म्हणजे कोणीतरी पोस्टडॉक (पीएचडी झालेला संशोधक) किंवा चौथ्या वर्षाचा विद्यार्थी असणार, आणि त्याच्याशी तुमचं जमतंय का हे बघायला हवं. याउलट नवी असिस्टंट प्रोफेसर असेल तर ती तुमच्याबरोबर जमिनीवर बसून केबल लावेल, ड्राफ्ट रात्री परत पाठवेल, पण टेन्युअरचं, म्हणजे नोकरी कायम होण्याचं घड्याळ तिच्या डोक्यावर असतं, साधारण सहा वर्षांचं, तेव्हा पेपरची घाई तुमच्यापर्यंत पोचणार.

रँकिंगचं म्हणाल तर युनिव्हर्सिटीचं रँकिंग फुटबॉल टीमच्या वरखाली होण्याइतकंच तुमच्या पीएचडीला लागू आहे असं माझं मत. भारतात परत येऊन नोकरी करायची असेल तर मात्र नावाला वजन असतं, तेवढं लक्षात घ्या.

पैशाचं बोलायला आपल्याला संकोच वाटतो, तिथे कोणाला वाटत नाही. विचारा: फंडिंग टीचिंग असिस्टंटशिप आहे की रिसर्च असिस्टंटशिप, किती वर्षांची हमी, उन्हाळ्यात काय, ट्यूशन आणि हेल्थ इन्शुरन्स त्यात आहे का. किनेसिऑलॉजीत टीचिंग म्हणजे कुठे ॲनाटॉमीची प्रॅक्टिकल, तर कुठे चक्क बॅडमिंटन किंवा वेट ट्रेनिंगचा तास. हसू नका, ही डिपार्टमेंट मूळची फिजिकल एज्युकेशनची. १९६४ मध्ये बर्कलीच्या फ्रँकलिन हेन्री यांनी फिजिकल एज्युकेशन ही एक स्वतंत्र अभ्यासशाखा आहे असं मांडलं, त्यानंतर हळूहळू संशोधन वाढलं, नावं बदलली, पण ते तास अजून आहेत आणि तुमचा स्टायपेंड त्यातून येऊ शकतो. रिसर्चच्या ग्रांटवर असाल तर ग्रांट कितव्या वर्षात आहे ते विचारा, एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची नेहमीची मोठी ग्रांट जास्तीत जास्त पाच वर्षांची असते, तिसरं चालू असेल तर पुढचं काय. २०२५ मध्ये एनआयएचच्या बऱ्याच ग्रांट मधेच रद्द झाल्या, रखडल्या, त्यामुळे हा प्रश्न कोणालाही आगाऊपणाचा वाटणार नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेव्हा 'वरची कमाई' धरू नका. आणि प्रोग्रामचा सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक) विचारून ठेवा, कारण शिक्षणानंतरच्या एक वर्षाच्या ओपीटीला, म्हणजे नोकरीच्या परवानगीला, पुढे २४ महिने वाढवून मिळणं हे तो कोड स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) सरकारी यादीत आहे का यावर आहे. २६ ने सुरू होणारे बायोलॉजिकल सायन्सचे कोड त्यात आहेत, पण किनेसिऑलॉजी सगळीकडे त्याच कोडखाली नसते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीये पण विचारायला हवी होती. पीएचडी केल्याने तिथे फिजिओ म्हणून पेशंट बघता येत नाहीत. त्याला डिग्रीचं मूल्यमापन, एनपीटीई ही फिजिओंची राष्ट्रीय परीक्षा, राज्याचं लायसन्स असा वेगळाच रस्ता आहे, आणि तिथली नवीन फिजिओ मंडळी आता डीपीटी (फिजिओथेरपीची डॉक्टरेट) करूनच येतात. लॅबमध्ये गुडघ्याला हात लावाल तो संशोधक म्हणून. पार्टिसिपंट विचारतात, 'मग कुठला व्यायाम करू?' आणि जीभ वळवळते, पण तिथे थांबावं लागतं. पेशंट बघण्याशिवाय करमणार नाही असं वाटत असेल तर कॉलच्या आधीच विचार करा, नंतर नको.

विद्यार्थ्यांबरोबरचा अर्धा तास हा माझ्या मते प्रोफेसरच्या कॉलपेक्षा महत्त्वाचा. तिथे गोड प्रश्न विचारू नका. ड्राफ्ट दिला की किती दिवसांनी परत येतो? शेवटचा जो विद्यार्थी मधेच सोडून गेला तो का गेला? (सगळ्याच लॅबमधून कोणी ना कोणी जातं, उत्तर कसं देतात ते ऐका, एकमेकांकडे बघतात का ते बघा.) सुट्टीत घरी जायला मिळतं का, कितीदा? ऑगस्टमध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ बायोमेकॅनिक्सची कॉन्फरन्स असते, तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्यांना पाठवतात का, खर्च कोण करतं? लॅब मीटिंगमध्ये बाईंच्या म्हणण्यावर कोणी 'मला नाही पटत' म्हणालेलं कधी पाहिलंय का?

शेवटचा प्रश्न आपल्याकडच्या मुलांसाठी मुद्दाम. आपण मान डोलवायला शिकलेलो असतो, मॅडम म्हणाल्या म्हणजे झालं. तिथे मीटिंगमध्ये गप्प बसलेला विद्यार्थी नम्र आहे असं कोणाला वाटत नाही, त्याला काही कळलं नाही असं वाटतं. एकोणीस वर्षांची अंडरग्रॅड मुलगी सरळ विचारते की हा फिल्टर सहाचाच का, आणि प्रोफेसर खूश होतात. त्या अंडरग्रॅडबद्दल पण सांगते, लॅबचं निम्मं काम ही पोरं क्रेडिटसाठी करतात, फोन लावणं, शेड्यूल, मार्करला टेप लावणं, आणि पहिल्या वर्षापासून तुम्ही त्यांच्यावर देखरेख ठेवणार. त्यांना शिपायासारखं वागवणारे आपले काही लोक मी बघितलेत, त्यांच्याबरोबर पुढे कोणी काम करायला तयार होत नाही. हाक मारण्याचं म्हणाल तर 'डॉक्टर अमुक' म्हणा, त्या 'मला नावाने हाक मार' म्हणाल्या की नावाने मारा, जड जातं पण होतं.

तुमचा जो विषय आहे, मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं आणि बायकांचे गुडघे, तो मला खरंच आवडला, पण तो मांडताना जपून. लॅबची बहुतेक सगळी पद्धत सपाट जमिनीवरच्या चालण्यासाठी घडलेली आहे. माणूस उकिडवा बसला की एएसआयएसचे मार्कर पोट आणि मांडीच्या घडीत गडप होतात, आणि मांडी पोटरीवर टेकते तिथे जो दाब येतो तो नेहमीच्या गणितात धरलेलाच नसतो, सगळा भार गुडघ्यातूनच जातोय असं धरून मोमेंट प्रत्यक्षापेक्षा जास्त निघतो. म्हणजे 'उकिडवं बसल्याने गुडघ्यावर अमुकपट भार येतो' असे आकडे वाचाल तेव्हा आधी बघा की मांडी-पोटरीचा टेका धरलाय का. हे तुम्ही प्रश्न म्हणून विचारलंत, की तुमच्या लॅबमध्ये डीप फ्लेक्शन (गुडघा पूर्ण वाकवणं) करायचं झालं तर हे कसं सोडवाल, तर चर्चा रंगेल. 'मला हाच विषय करायचाय' असं मात्र म्हणू नका. त्यांची ग्रांट ज्या विषयाची आहे त्याचंच काम आधी करावं लागेल, तुमचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रबंधाचा एक भाग म्हणून बसू शकतो. पार्टिसिपंट कुठून आणणार हे पण डोक्यात ठेवा. तिथल्या महाराष्ट्र मंडळात साठीच्या काकू भरपूर भेटतात, मुलांकडे आलेल्या, जन्मभर जमिनीवर बसलेल्या, पण त्या लॅबच्या शॉर्ट्स घालून बारा कॅमेऱ्यांसमोर चालायला तयार होतील का (इथे मात्र मार्करलेस सोयीचं), आणि इंग्रजी नीट समजत नसेल तर कन्सेंट फॉर्म मराठीत करून आयआरबीकडून (युनिव्हर्सिटीच्या संशोधन-नीती समितीकडून) मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात वेळ जातो. एवढा विचार करून ठेवलाय हे दिसलं तर तुमचं पारडं जड.

कॉल झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींची आभाराची मेल टाका, जास्त नको. होकार तोंडी आला तरी ग्रॅज्युएट स्कूलचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची मुदत बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. फंडिंगसकट ऑफर आली आणि 'दोन दिवसांत सांगा' असा घोशा लागला तर घाबरू नका, कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव मानणाऱ्या युनिव्हर्सिटींमध्ये उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो, युनिव्हर्सिटी त्या यादीत आहे का ते बघून घ्या. आणि कॉलची वेळ सेंट्रल टाइममध्ये (अमेरिकेच्या मधल्या पट्ट्याची वेळ) दिली असेल तर नीट मोजा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ एक तास मागे जातं, आधी साडेदहा तासांचा फरक असतो तो साडेअकरा होतो. तुमचा कॉल नेमका त्या आठवड्यात असेल तर आदल्या दिवशी मेल टाकून भारतीय वेळ पक्की करून घ्या.